सह्याद्री नावाची वाहिनी आणि सह्याद्रीतील गावे

बेळगावहून निघणाऱ्या 'तरुण भारत'विषयी आपल्या जोयडा-रामनगर भागातील जुनी मंडळी बोलू लागली की 'आमचा पेपर' हा शब्द त्यांच्या तोंडी सहज येतो. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली सुरू केलेले हे पत्र. त्याच्या मतांशी भांडणारे लोकही त्याला परके म्हणत नाहीत. दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र हा शब्द आम्ही कधी ऐकला नाही. घराघरांत संध्याकाळभर मराठी वाहिनी चालू असते, मालिकेतील सुनेच्या दुःखाने आमच्या घरच्या सुना हळहळतात, सासवाही हळहळतात, परंतु 'आमची वाहिनी' असे कोणी म्हणत नाही. वाहिनी लोक 'लावतात' आणि 'बदलतात'. हा केवळ बोलण्यातील फरक आहे, की त्यामागे मालकीचा काही प्रश्न दडलेला आहे, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्राला २ ऑक्टोबर २०२२ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने प्रसिद्ध झालेले बरेच स्मरणलेखन आमच्या वाचनात आले. बहुतेकांचा सूर एकच होता : वरळीचे ते दिवस सोन्याचे होते, पुढे खाजगी वाहिन्या आल्या आणि सारे बिघडले. या लेखनातील जिव्हाळा खरा आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण समीक्षेच्या दृष्टीने त्यात एक मोठी उणीव राहून जाते. हे सोन्याचे दिवस नेमके कोणाचे होते, हे कोणी विचारीत नाही. १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झाले. १९७३ साली सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्याला ते दिसू लागले. नागपूरला स्वतःचा पडदा उजळण्यासाठी १९८०चे दशक उजाडावे लागले. म्हणजे ज्याला आज 'महाराष्ट्राच्या दूरचित्रवाणीचा सुवर्णकाळ' म्हणतात, तो प्रथमतः दोन शहरांचा आणि त्यांच्या आसपासच्या पट्ट्याचा काळ होता.

आणि आपण? आपला उत्तर कानडा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. वरळीचा मनोरा उभा राहिला तेव्हा आपल्याला दुसऱ्या राज्याचे नागरिक होऊन सोळा वर्षे होत आली होती. रेडिओचे तसे नव्हते. मध्यम लहरींना डोंगराची फारशी अडचण होत नाही. सांगली आणि पणजी केंद्रांचे मराठी शब्द रात्री या रानात ऐकू येत. दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र सरळ रेषेत धावतात आणि डोंगर आला की थांबतात. १९८४ साली सरकारने देशभर प्रक्षेपकांची रांग लावली. काही महिने तर दिवसाला एक या गतीने ते उभे राहत होते, पण त्यांतील बहुसंख्य शंभर वॅटचे, वीस-पंचवीस किलोमीटरांच्या पलीकडे ज्यांचा जोर चालत नसे, असे होते. आमच्याकडे उंच बांबूला अँटेना बांधून एकाने ती फिरवायची आणि दुसऱ्याने खिडकीतून 'आलं, आलं, गेलं' असे ओरडायचे, हा त्या काळचा नित्यक्रम. मुंग्यांच्या पलीकडून जे काही चित्र येई ते दिल्लीचे, आणि अधूनमधून बंगळूरचे असे. मराठी त्यात नव्हती.

म्हणून 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'गजरा', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं' ही नावे आम्हांस बराच काळ ठाऊक होती ती मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांकडून आणि दिवाळी अंकांतून. पुण्याच्या आत्याकडे सुटीत राहून आलेला एखादा मुलगा 'गजरा'तील प्रहसन अंगणात करून दाखवी आणि आम्ही ते मूळ पाहिल्यासारखे हसत असू. या कार्यक्रमांचे काही भाग पुष्कळ वर्षांनी प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. त्यामुळे आमचे मत हे आठवणींनी मऊ झालेले नाही, एवढे या उशिरा पाहण्याचे श्रेय.

मत असे की त्या कार्यक्रमांची कीर्ती बहुतांशी सार्थ आहे. सुहासिनी मुळगावकर यांच्या 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये लेखकाला उत्तर देण्यापूर्वी गप्प बसण्याची मुभा होती. आजच्या पडद्यावर तीन सेकंदांची शांतता हा तांत्रिक बिघाड समजला जातो. तिथे ती मुलाखतीचा भाग होती. बातम्या देण्यासाठी भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांच्यासारख्या अभिनेत्री बसत, पण अभिनय करीत नसत. नेपथ्य गरीब, प्रकाशयोजना कधीकधी ओबडधोबड. शब्द मात्र नीट उच्चारलेला. आणि 'ज्ञानदीप'चे वैशिष्ट्य तर याहून निराळे. आकाशानंद यांनी या कार्यक्रमाभोवती प्रेक्षकांची मंडळे उभी केली. गावोगावची माणसे एकत्र बसून कार्यक्रम पाहत, त्यावर बोलत, पत्रे लिहीत, आणि सांगितलेल्यापैकी काही करूनही पाहत. प्रेक्षकाने उलट बोलावे ही सोय मराठी दूरचित्रवाणीत इतक्या गांभीर्याने त्यापूर्वी कोणी केली नव्हती, आणि आमच्या मते त्यानंतरही नाही.

आता हे सारे सरकारी मालकीच्या केंद्रात घडले, ही गोष्ट गैरसोयीची आहे. हेच दूरदर्शन आणीबाणीत सत्तेचे कर्णे झाले होते. १९७७ नंतर वर्गीज समितीने आकाशवाणी-दूरदर्शन एका स्वतंत्र न्यासाकडे द्यावे असे सुचविले. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अंमलात यायला १९९७ उजाडले. वीस वर्षे! सरकारी नोकरीत आमची हयात गेली आहे. फायलीचा हा वेग आम्हांस आश्चर्याचा वाटत नाही. खाते चांगले दिसते ते त्या खुर्चीवर त्या वेळी बसलेल्या माणसामुळे, आणि तो माणूस निवृत्त झाला की खाते पूर्ववत होते, हेही आम्ही आतून पाहिले आहे. मुंबई केंद्रातील निर्माते गेले, आणि त्यांच्याबरोबर मंडळेही विरली. ती मंडळे केंद्राची मालक असती तर विरली असती काय, हा प्रश्न राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास गुजरातेतील खेडा जिल्ह्याकडे पाहावे लागते. १९७५ साली तेथील पीज या गावी एक किलोवॅटचा लहानसा प्रक्षेपक बसविण्यात आला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने, म्हणजे आपल्या 'इस्रो'ने, तो चालविला. जिल्ह्यातील गावांत सार्वजनिक संच ठेवले होते. कॅमेरा खेड्यात जाई. शेतमजुरी, हुंडा, दलितांवरील अन्याय, दुधाच्या सोसायटीतील गैरप्रकार हे विषय तेथील लोकांच्या तोंडून, पुष्कळदा त्यांच्याच अभिनयातून मांडले जात. सावकार आणि जमीनदार चिडत, म्हणजे नेम बरोबर लागत होता. १९८४ साली ग्रामीण संज्ञापनासाठी 'युनेस्को'चा पुरस्कार या प्रयोगास मिळाला. आणि त्यानंतर लवकरच, मोठ्या शक्तीच्या प्रक्षेपकाच्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या लाटेत, हा छोटा प्रक्षेपक तेथून हलविण्याचे ठरले. लोकांनी विरोध केला, मोर्चे काढले. उपयोग झाला नाही. जगाने नावाजलेले, प्रेक्षकांना हवे असलेले केंद्र दूरच्या एका टेबलावरच्या निर्णयाने बंद होऊ शकते, कारण ते प्रेक्षकांचे 'वाटत' असले तरी प्रेक्षकांचे नव्हते. खेड्याच्या प्रयोगाचे गोडवे गाणाऱ्या पुष्कळ लेखांत हा शेवट एका वाक्यात उरकलेला असतो. आमच्या मते त्या प्रयोगाचा सर्वांत बोलका भाग तोच आहे.

खाजगी वाहिन्यांकडे वळू. १९९४ साली मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम उपग्रहावर गेले. छतावर तबकडी लागली आणि आमच्या डोंगरांचा अडसर प्रथमच निकालात निघाला, कारण तबकडीला वरचे आकाश तेवढे मोकळे लागते. 'अल्फा मराठी' १९९९ मध्ये आली आणि 'ई टीव्ही मराठी' २००० मध्ये. पहिलीचे मालक सुभाषचंद्र हे मूळ हरयाणातील हिस्सारचे, दुसरीचे रामोजी राव हैदराबादचे. या दोन्ही वाहिन्यांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. 'आभाळमाया'त नोकरी करणाऱ्या बाईचा संसार बऱ्याच समंजसपणे आला होता. आरती प्रभूंच्या काव्यसंग्रहाचे नाव घेतलेला 'नक्षत्रांचे देणे' हा कार्यक्रम कवी-गीतकारांच्या कामाची इतक्या देखण्या रीतीने ओळख करून देई, की आमच्या घरी त्या वेळी जेवणे खोळंबत. हिस्सारच्या व्यापाऱ्याच्या पैशातून वेंगुर्ले-कुडाळकडच्या आरती प्रभूंचे नाव घरोघर पोहोचले, ही गोष्ट 'मालक परका म्हणून माल वाईट' असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

रामोजी राव यांचे तर मूळ जिल्हा-वृत्तपत्रकारितेत. 'ईनाडू'ने तेलुगू वाचकाला त्याच्या तालुक्याची बातमी देऊन वाढविला आणि तीच युक्ती त्यांनी वाहिनीत आणली. महाराष्ट्रातील लहानसहान गावांच्या बातम्या हैदराबादेतील चित्रनगरीत बसून वाचल्या जात, आणि तरीही मुंबईत बसून वाचलेल्या बातम्यांपेक्षा त्यांत गावे अधिक असत. यात विनोद आहे, पण तो मुंबईवर आहे. याच वाहिनीने पुढे 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून बारा वर्षे चालविली. तिच्याविषयी, त्या बारा वर्षांत आम्हीही ती पुष्कळदा पाहिली असल्याने, मौन बाळगणे बरे.

तरीही मालकीचा मुद्दा सुटत नाही. तो नावांत दिसतो. 'अल्फा मराठी' २००५ साली 'झी मराठी' झाली. 'ई टीव्ही मराठी' दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली आणि २०१५ साली 'कलर्स मराठी' झाली. 'स्टार माझा'ची २०१२ साली 'एबीपी माझा' झाली. ही आद्याक्षरे कोलकात्याच्या आनंदबझार पत्रिकेची. 'आयबीएन लोकमत' २०१८ साली 'न्यूज एटीन लोकमत' झाली. पुढे 'सोनी मराठी' आली, 'सन मराठी' आली. वाचकांनी ही नावे एकाखाली एक लिहून पाहावीत. आधी घराण्याचे नाव आणि मागून भाषेचे किंवा 'माझा'चे शेपूट. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येते. इथे बाप आधी आणि मूल नंतर. 'माझा' या शब्दातील मी कोण, हा प्रश्न व्याकरणाचाही आहे. बारशाला प्रेक्षकास कोणी बोलावले नाही, नाव बदलतानाही नाही. मराठी घराण्यातून आलेली 'सकाळ' समूहाची २००८ सालची 'साम' ही वाहिनी या यादीत वेगळी खरी, पण तिचीही नजर पुण्या-मुंबईकडून बाहेर पाहणारीच आहे.

ही तक्रार केवळ मराठीची नाही. शेजारच्या कन्नड कुटुंबांनी १९९४ पासून ज्या 'उदय टीव्ही'वर प्रेम केले तिचा मालक चेन्नईचा 'सन' समूह, आणि 'ई टीव्ही कन्नड' तर हैदराबादचीच. भाषेवरून इतकी वादावादी होणाऱ्या या सीमेवर दोन्ही बाजूंची करमणूक तिसऱ्या-चौथ्या राज्यातून येत होती, आणि दोन्ही बाजूंस त्याची खंत नव्हती, हे नमूद करावेसे वाटते.

स्थानिक मालकी हा मग उपाय आहे काय? केबलच्या जाळ्यावर चालणाऱ्या गावपातळीच्या वाहिन्या गोव्यात आणि बेळगाव भागात गेली पंचवीसएक वर्षे लोक पाहत आले आहेत. त्यांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. पूर कुठवर चढला, कोणता घाट दरडीने बंद आहे, हे मुंबईची वाहिनी सांगणार नाही आणि बंगळूरची सांगेल तेव्हा पाणी ओसरलेले असेल. परंतु एखादी संध्याकाळ या प्रकारच्या वाहिनीसमोर शांतपणे बसून काढावी. अर्धा वेळ कोणा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, उरलेल्यातील अर्धा भूखंडांच्या जाहिराती, मग एक उद्घाटन, मग तेच उद्घाटन पुन्हा. ज्याची जाहिरात त्याच्याविरुद्ध शब्द नाही. मालक गावचा असला की त्याच्यावर गावातील बड्या लोकांचा दाब अधिक जवळून पडतो. हैदराबादच्या मालकाला आमच्या तालुक्यातील ठेकेदाराचे भय असण्याचे कारण नव्हते, गावच्या मालकाला ते रोज सकाळी चहाच्या टपरीवर भेटते. शिवाय २०१२ पासून २०१७ पर्यंत केबलचे टप्प्याटप्प्याने अंकीकरण झाले, आणि त्यात लहान केबलवाल्याचे स्वातंत्र्य मोठ्या जाळ्यांच्या हाती गेले. गावच्या वाहिनीलाही आता दुसऱ्याच्या तारेवर जागा मागावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट प्रक्षेपणाच्या निमित्ताने एक निर्णय दिला. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू नये आणि धनिकांचीही असू नये, तिचे नियमन लोकहितासाठी एका स्वायत्त संस्थेने करावे, असे त्यात म्हटले होते. हा निर्णय लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, ही मराठी वाचकांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. निर्णयाचा पहिला भाग, म्हणजे सरकारची मक्तेदारी जाणे, हा झपाट्याने अंमलात आला. बाकीच्या भागाची वाट आपण तीस वर्षे पाहत आहोत. मराठी दूरचित्रवाणीवर लिहिणाऱ्यांनी मालिकांच्या साड्यांवर जितकी शाई खर्च केली, त्याच्या दशांशही या निर्णयावर केली नाही, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या अंगणातील गोष्ट. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. आपल्या तालुक्याचे नाव ज्या गावावरून सुपा असे होते, ते गाव त्याच्या पाण्याखाली गेले. कचेरी जोयड्यास आली, अनेक कुटुंबे रामनगरला वसविली गेली. ज्यांच्या पणजोबांनी त्या बाजारपेठेत दुकाने मांडली त्यांना ते गाव अजून स्वप्नात दिसते, असे ते सांगतात. मराठी दूरदर्शन त्या वेळी पंधरा वर्षांचे होते, भरात होते. परंतु सुपा बुडतानाचे, तेथून निघालेल्या माणसांचे, रामनगरच्या पहिल्या वर्षांचे एकही मराठी दूरचित्रण आमच्या पाहण्यात नाही, कन्नडही नाही. धरणाच्या पाण्यावर वीज तयार झाली, त्या विजेवर संच चालू लागले, आणि त्या संचांवर आम्ही 'रामायण' पाहिले. आजही मराठी वाहिन्यांवर हवामानाचा नकाशा येतो तेव्हा चंदगड आणि सावंतवाडीच्या खाली रंग संपतो. पाऊस मात्र संपत नाही. तो खानापूर, लोंढा, कॅसलरॉक करीत आमच्यावर येतो.

या सर्व नावांच्या गर्दीत २००० सालापासून एकच वाहिनी अशी आहे जिच्या नावात एका डोंगराचे नाव आहे, आणि तो डोंगर आमच्या परसात उभा आहे. मुंबई केंद्राच्या उपग्रह वाहिनीला 'सह्याद्री' हे नाव ज्याने सुचविले असेल त्याच्या मनात बहुधा महाराष्ट्राच्या सीमेच्या आतील सह्याद्री असेल. पण डोंगर सीमेवर थांबत नाही. सरकारी फुकट तबकडीवर ही वाहिनी आमच्या रानातल्या शेवटच्या घरातही पैसे न देता दिसते. तरीही ती पाहणारे थोडे. तिच्यावर आता जुन्याचे पुनःप्रक्षेपण पुष्कळ, आणि नव्यात सरकारी योजनांचा भाग मोठा. तिला सरकारने ठेवून दिले आहे, जसे जुन्या वाड्यात एखाद्या वृद्धेला ठेवतात. तिच्याकडे आजही एक गोष्ट अशी आहे जी कोणाही उद्योगसमूहाकडे नाही : जाहिरातदाराला न आवडणारा अर्धा तास देण्याची ऐपत. त्या अर्ध्या तासात कधीतरी एखादा निर्माता कॅमेरा घेऊन घाट उतरून इकडे यावा, सुप्याच्या लोकांना समोर बसवावे, त्यांना उत्तर देण्यापूर्वी गप्प बसू द्यावे. ती माणसे आता फार उरलेली नाहीत. अशी मागणी पत्राने करता येते. आमच्या संस्थेतील काही सभासदांनी तशी करावी, असे आम्ही सुचवीत आहोत. मसुदा आम्ही लिहून देऊ. सरकारी पत्रे लिहिण्याचा सराव आहे.

मुंबई केंद्राच्या आरंभीच्या अनेक चित्रफिती राहिल्या नाहीत. फीत महाग, म्हणून पुसून तिच्यावरच पुन्हा चित्रण होई. जे उरले त्यांतील काही 'सह्याद्री'ने महाजालावर ठेवले आहे. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी आम्ही एका साहित्यिकाची तशी एक जुनी मुलाखत भ्रमणध्वनीवर पाहण्यास बसलो. घराच्या पश्चिमेकडील पायरीवर तेवढी दोन काड्या रेंज मिळते. प्रश्न विचारला गेला, लेखक खाली पाहू लागले, थोडे थांबले. आम्ही कौतुकाने ती शांतता पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने लक्षात आले की ती शांतता मुलाखतीतील नव्हती. वीज गेली होती आणि तिच्याबरोबर मनोराही.